बोर्गहिल्डची चौथी वायर

आमच्या बेटावर कशाचाही आवाज बंद पडला की लोक बोर्गहिल्डचं दार ठोठावतात. बोटीवरचा वायरलेस असो, शाळेची घंटा असो, नाहीतर म्हाताऱ्या मंडळींची कानातली यंत्रं असोत. माझा नवरा आन्फिन म्हणतो, "एवढी हुशार बाई, पण मार्गिटचा आवाज कमी करायचं बटण काही तिला सापडलेलं नाही." हे तो माझ्यासमोरच म्हणतो आणि वर माझ्याच हातचा वाफल मागतो.

बोर्गहिल्ड मूळची पलीकडच्या किनाऱ्यावरची. मुलगी असताना रेडिओच्या कारखान्यात डाख द्यायच्या रांगेत बसायची. तिथून राग्नवाल्दशी लग्न करून इकडे आली ती सामानात दोन चादरी आणि एक सोल्डरिंगची पेटी घेऊन. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला पीठ मळलेलं असतं, दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी रेडिओ पोट उघडून पडलेला असतो. तिच्या पावाला कधीकधी डाखाच्या राळेचा वास येतो. सगळ्यांना तो येतो, पण कुणी बोलून दाखवत नाही.

राग्नवाल्द आमच्या फेरीबोटीवर सुकाणूला होता. त्याला जाऊन बारा वर्षं होत आली. माणूस देवभीरू, प्रार्थनाघराची एकही सभा चुकवायचा नाही, पण तोंड म्हणून उघडायचा नाही. देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला कधी उभा राहिला नाही, गाण्याला कधी ओठ हलवले नाहीत. डाव्या भिंतीला शेगडी आहे, तिच्याशेजारच्या खुर्चीवर बसायचा आणि लाकडं सारत राहायचा. मंडळीत थट्टा चालायची, की राग्नवाल्दची प्रार्थना देवबापाला धुरातून पोचते.

गेल्या हिवाळ्यात मिशनच्या विक्रीसाठी आम्ही दोघी माझ्याकडे लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटत होतो. बोलता बोलता बोर्गहिल्डचं लाटणं थांबलं. पिठाकडे बघतच ती म्हणाली, "मला राग्नवाल्दचा आवाज आठवेनासा झालाय."

मी म्हटलं, असं कसं होईल.

"झालंय खरं. काय बोलायचा ते सगळं आठवतं. फोटोत बघितलं की चेहरा आठवतो. पण मला हाक मारायचा ना, नुसतं 'बोर्गहिल्ड', ती हाकच ऐकू येत नाही. तोंड हलताना दिसतं आणि पुढे सगळं गप्प."

मग तिने शोधून पाहिलेल्या जागा एकेक सांगितल्या. फेरीच्या कचेरीत विचारून झालं होतं, वायरलेसवरचं बोलणं कुणी साठवत नाही म्हणाले. घरच्या फोनला निरोप ठेवायचं यंत्र तिनेच बसवलं होतं, पण राग्नवाल्द त्या यंत्राशी बोलायला लाजायचा. भाच्याच्या लग्नाच्या फिल्ममध्ये तो होता, पण केक खात होता. सगळ्या बेटाचे आवाज जिने दुरुस्त केले, तिच्या घरात तिच्या माणसाचा एक शब्द उरलेला नव्हता.  मी तिच्या वाटचीही लेफ्से लाटली आणि त्या संध्याकाळी तिच्यासाठी प्रार्थना केली. खरं सांगायचं तर नेमकं काय मागावं तेच मला समजत नव्हतं. हरवलेली वस्तू मागता येते, माणसाला शांती मागता येते. गेलेल्याचा आवाज कसा मागायचा?

वसंतात तोर्लाइवची बायको योरुन गेली. तोर्लाइव आमच्या प्रार्थनाघराचा अध्यक्ष. योरुनसारखं गाणारी आमच्याकडे दुसरी झाली नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या एका सभेत ती एकटी गायली होती, मागे पायपेटी वाजत होती, आणि बोर्गहिल्डने ते टेपवर घेतलं होतं. ती कॅसेट प्रार्थनाघराच्या कपाटात गीतांच्या पुस्तकांमागे जपून ठेवलेली. तोर्लाइवने ठरवलं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, जेव्हा आम्ही त्या वर्षी गेलेल्यांची नावं वाचतो आणि मेणबत्त्या लावतो, तेव्हा ते गाणं सगळ्यांनी ऐकायचं.

अडचण एकच होती, आमच्या कर्ण्याची घरघर. व्यासपीठापासून मागच्या कपाटापर्यंत जुनी वायर बाकांखालून जाते आणि तिथेच खोली गरम करायच्या विजेच्या नळ्या आहेत. उन्हाळ्यात काही नाही. थंडी पडून नळ्या सुरू झाल्या की कर्ण्यातून गुंऽऽ असा आवाज सुरू. उपदेशक बिचारा आन्फिनच्या भाषेत फ्रिजशी स्पर्धा करायचा. यंदा मंडळाने नवीन अ‍ॅम्प्लिफायर आणला आणि वायरी बदलायचं काम अर्थातच बोर्गहिल्डकडे आलं. तिला हाताखाली कुणीतरी हवं होतं, म्हणून मी गेले.

तो आठवडा मी विसरणार नाही. बोर्गहिल्ड बाकांखाली पालथी पडलेली, फक्त लोकरी मोजे दिसायचे, आणि तिथूनच तिचं शिकवणं चालायचं. जुन्या वायरीत आवाज वाहून नेणारी तार एकच, भोवती जाळी. वाटेत विजेची जी भुणभुण तिला चिकटली ती आवाजाबरोबर सरळ कर्ण्यात. याला म्हणतात अनबॅलन्स्ड. नव्या वायरीत तारा दोन, एकमेकींना पीळ घातलेल्या, आणि दोघींवरून एक जाळी. ही बॅलन्स्ड.

"दोन तारांनी काय होतं?" मी विचारलं.

"समज, दुकानातून दोन जुळ्या बहिणी एकच बातमी घेऊन निघाल्या. एक जशीच्या तशी सांगणार, दुसरी बरोबर उलटी करून. वाटेत पाऊस आला. दोघी सारख्याच भिजल्या. घरी पोचल्यावर अ‍ॅम्प्लिफायर काय करतो, पहिलीतून दुसरीला वजा करतो. उलटी बातमी वजा केली की सुलट होते, म्हणजे बातमी दुप्पट झाली. आणि पाऊस?"

"पाऊस दोघींवर सारखाच," मी म्हटलं, "म्हणजे वजा जाता..."

"कोरडा ठणठणीत."

मी हातातली पक्कड घेऊन तशीच उभी राहिले. आवाजाला संकटातून पार न्यायचं तर त्याच्यावर पांघरूण घालत बसायचं नाही, त्याला जोडीदार द्यायचा, आणि जे दोघांवर सारखं कोसळतं ते शेवटी आपोआप मिटतं. मला लग्नाची शपथ आठवली, प्रभूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलेलं आठवलं. मी तसं म्हणायला लागले तर बाकाखालून आवाज आला, "मार्गिट, प्रवचन रविवारी. आत्ता पक्कड दे."

वायरी चार करायच्या होत्या. व्यासपीठाच्या माइकची, खालच्या टेबलावरच्या माइकची, पियानोपाशी ठेवायच्या माइकची, आणि चौथी टेपरेकॉर्डरची. पहिल्या तिन्ही एकसारख्या, टोकाला तीन पिनांचा प्लग: जाळी पहिल्या पिनेला, सुलटी तार दुसऱ्या पिनेला, उलटी तिसरीला. टेपरेकॉर्डरची गोष्ट वेगळी. तो जुना घरगुती, त्याच्या आवाजाला जुळी बहीणच नाही. त्याच्यासाठी तिसरी पिन जाळीलाच बांधून टाकायची, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर न येणाऱ्या बहिणीची वाट बघत बसत नाही. शिवाय त्याच्यातून डावा आणि उजवा असे दोन वेगळे आवाज निघतात, ते आधी एकत्र करून मग दुसऱ्या पिनेला द्यायचे. हे सगळं बोर्गहिल्डनेच मला समजावलं होतं.

शनिवारी ती चौथ्या वायरीवर होती आणि चर्चची घंटा सुरू झाली. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळच्या आत घंटा वाजते, आणि ती वाजली की प्रभूचा दिवस लागला. बायका शिवणातली सुई टोचून ठेवतात, पुरुष बोटीवरचा रंगाचा ब्रश पाण्यात बुडवतात. राग्नवाल्द असताना तर घंटेचा पहिला टोला पडला की तो बोर्गहिल्डच्या सोल्डरिंगचं बटणच बंद करायचा, न बोलता. त्याच्यामागेही तिने तो नेम मोडलेला नाही. घंटा वाजत असताना तिचे हात भराभर चालले, शेवटचा टोला पडायच्या आत तिने शेवटचा डाख दिला, डाखाची कांडी बंद केली आणि पेटी कपाटात ठेवली. वाजवून बघायला वेळ राहिला नाही. "उद्या बघू," ती म्हणाली, "वाजवणं म्हणजे काही काम नाही."

रविवारी चर्च झाल्यावर आम्ही दोघी कप मांडायला प्रार्थनाघरात गेलो. बाहेर राखाडी उजेड आणि आडवा वारा. तोर्लाइव आधीच येऊन बसला होता, काळा सूट, टोपी गुडघ्यावर. म्हणाला, लोक यायच्या आत मला ते एकदा एकट्याने ऐकू द्या, म्हणजे सगळ्यांसमोर माझं काही व्हायचं नाही. बोर्गहिल्डने अ‍ॅम्प्लिफायर लावला. नळ्या तापलेल्या होत्या, आणि तरी काहीच ऐकू येईना. तोर्लाइव उठून व्यासपीठाच्या माइकपाशी गेला, त्यावर बोट आपटणार तेवढ्यात पुटपुटला, "बंदच आहे वाटतं." आणि त्याचं ते पुटपुटणं सबंध खोलीभर उभं राहिलं, असं स्वच्छ, की जणू तो प्रत्येकाच्या शेजारी बसून बोलला. तो दचकून मागे सरला. मी खुर्चीच धरली. इतकी वर्षं आम्ही त्या खोलीत देवाचं वचन ऐकलं, पण त्या खोलीतली शांतता मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मग बोर्गहिल्डने कॅसेट लावली.

खुर्च्यांची करकर आली. कुणीतरी खोकलं. शेगडीत लाकूड तडकलं. पायपेटी सुरू झाल्यासारखी वाटली, पण कशी, खोल विहिरीच्या तळाशी कुणी वाजवावी तशी. आणि योरुन आलीच नाही. जिथे ती गायला हवी होती तिथे तिची फक्त सावली होती, लांबच्या भिंतीवरून परत आलेला पुसट प्रतिध्वनी. खोली होती, माणसं होती, योरुन तेवढी नव्हती.

तोर्लाइव हळूच म्हणाला, "पुसली गेली का गं?"

बोर्गहिल्डचा चेहरा पांढरा पडला. ती बटणाकडे हात नेणार तेवढ्यात कर्ण्यातून, अगदी जवळून, एक पुरुषाचा आवाज यायला लागला. शब्द नव्हते. नुसतं गुणगुणणं, जाड, घशातल्या घशात, सुराच्या जरासं खाली. योरुनचंच गाणं. तिच्या सावलीबरोबर तो एकेक ओळ चालत होता, अडखळत होता, परत गाठत होता. बोर्गहिल्डचा हात तिथेच हवेत थांबला. दुसरं कडवं संपलं, तळातली पायपेटी एकटीच वाजायला लागली, आणि तो माणूस बोलला, अगदी हलक्या आवाजात, शेजाऱ्यालाही त्रास होऊ नये इतक्या:

"बोर्गहिल्ड. दार ओढ जरा. पोरांच्या पायाशी वारा येतोय."

मग एक लाकूड सारल्याचा आवाज आला आणि तिसरं कडवं सुरू झालं.

 माझ्या अंगावर काटा आला होता तो जाईना. मला वाटलं आपण गुडघे टेकावेत. बोर्गहिल्डने टेप थांबवली आणि कपाटाला टेकून खालीच बसली.

"मी दाराशी होते," ती म्हणाली. "रेकॉर्डर घेऊन दाराशी बसले होते. डावा माइक शेगडीपाशी ठेवला होता, दुसरीकडे जागाच नव्हती. माझं सगळं लक्ष रेकॉर्डरच्या काट्यावर. त्याने सांगितलं आणि मी दार ओढलं असणार, आणि विसरून गेले असणार. तो गातो... मार्गिट, तो गायचा. मला कधी माहीतच नव्हतं."

तोर्लाइवने खाली वाकून विचारलं, की राग्नवाल्द सापडला तो चांगलंच झालं, पण माझी बायको कुठे गेली.

बोर्गहिल्डने चौथ्या वायरीचं टोक उघडून बघितलं आणि कपाळावर हात मारला. आठवडाभर एकाच पद्धतीने तीन वायरी केल्या, चौथीच्या वेळी घंटा वाजत होती, आणि हातांनी सवयीने तिलाही तशीच करून टाकली होती. डावा आवाज सुलट्या पिनेला, उजवा उलट्या पिनेला. अ‍ॅम्प्लिफायर बिचारा आपलं काम चोख करत होता. त्याला वाटलं या दोघी बहिणी. दोघींमध्ये जे जे सारखं ते त्याने पाऊस समजून वजा केलं. योरुन दोन्ही माइकच्या अगदी मधोमध उभी होती, मागे पायपेटीही मधोमध, दोन्हीकडे सारखीच. म्हणून त्या गेल्या. जो एका कडेला बसला होता तो उरला. जुन्या एकाच कर्ण्यावर ती कॅसेट इतक्यांदा वाजली, पण तेव्हा दोन्ही बाजू एकात मिसळलेल्या असायच्या, आणि राग्नवाल्द योरुनच्या आवाजाखाली दबून जायचा.

"म्हणजे थोडक्यात," बोर्गहिल्ड म्हणाली, "या अ‍ॅम्प्लिफायरला वाटलं, योरुन म्हणजे घरघर."

तोर्लाइव सरळ उभा राहिला. मग म्हणाला, "चाळीस वर्षांत मलाही कधीकधी वाटायचं तसं." आणि हसला. वसंतानंतर पहिल्यांदा. हसता हसता त्याचे डोळे भरले.

आता प्रश्न असा, की वायर सुधारायची तर डाख द्यायला हवा, आणि आज रविवार. हाच तोर्लाइव, ज्याने एकदा रविवारी खिडकीची फुटलेली काच बसवू दिली नव्हती आणि सबंध सभा वाऱ्यात घेतली होती. बोर्गहिल्ड त्याच्याकडे बघत राहिली. त्याने टोपी फिरवली, खिडकीबाहेर बघितलं.

"गाढव विहिरीत पडलं तर शब्बाथ दिवशीही काढतातच की," तो म्हणाला. "शुभवर्तमानात प्रभूनेच तसं विचारलंय."

"योरुनला गाढव म्हणतोस?"

"विहिरीत आहे ना ती? मग काढ." मग जरा थांबून म्हणाला, "पण आत्ताच नको. आधी तू ऐक. तुला हवं तितकं ऐक. मी बाहेर जातो."

आणि तो खरंच पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला. पहिल्या बायका केक घेऊन आल्या तेव्हा आतून मला त्याचा आवाज ऐकू येत होता, की कॉफी अजून झालेली नाही. कुणीतरी म्हणालं, तोर्लाइव, आम्ही कॉफी प्यायला नाही, प्रार्थनेला आलोय. तो म्हणाला, तीही अजून झालेली नाही. खोटं बोलणं त्याच्या रक्तात नाही. जे म्हणाला ते त्याने अगदी शब्दशः म्हटलं असावं.

मीही उठायला लागले, पण बोर्गहिल्डने माझी बाही धरली. तिने कॅसेट मागे नेली. शेगडी तडकली, तो गुणगुणला, तिला हाक मारली, दाराचं सांगितलं. तिने पुन्हा मागे नेली. दर वेळी तिचे ओठ हाकेच्या आधी किंचित हलायचे, आणि हाक आली की ती "हं" म्हणायची, जसं घरात काम करता करता म्हणतात तसं, मान वर न करता. मी खिडकीकडे तोंड करून बसले. मागच्या हिवाळ्यात जे कसं मागावं तेही मला कळलं नव्हतं, ते न मागताच तिच्या पदरात घातलं गेलं होतं, एका चुकलेल्या डाखामधून. इतक्या बारकाव्याने कोण घालतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

शेवटी तिनेच टेप बंद केली. नाक पुसलं, कपाटातून पेटी काढली आणि कांडी तापत घातली.

"राहू दे ना थोडा वेळ," मी म्हटलं.

"नको. बाहेर केक भिजतील. आणि आजचा दिवस योरुनचा आहे."

तिने तिसऱ्या पिनेवरची तार सोडवली आणि ती पिन जाळीला जोडली. डावी आणि उजवी तार, प्रत्येकीत एक पट्ट्यापट्ट्यांचा मण्याएवढा रोधक घालून, दोन्ही एकत्र दुसऱ्या पिनेला आणल्या. खोलीत राळेचा धूर पसरला.  मग तिने दार उघडून तोर्लाइवला आत बोलावलं, आणि त्याच्यामागून सगळी मंडळी आत आली, केसांना वारा आणि डब्यांना पाऊस घेऊन.

नावं वाचून झाली. मेणबत्त्या लावल्या. तोर्लाइव म्हणाला, आता आमची योरुन गाईल, आणि पुढच्या बाकावर जाऊन बसला. बोर्गहिल्ड आणि मी मागे, कपाटापाशी. टेप सुरू झाली. घरघर नाही, खरखर नाही, आणि त्या शांततेतून योरुन आली, भरल्या गळ्याने, मधोमध उभी, जशी होती तशी. माझ्यापुढे बसलेल्या बाईने तोंडावर हात धरला. तोर्लाइवच्या पाठीचा ताठ कणा मला दिसत होता आणि तो हळूहळू सैल होताना दिसला.

मी डोळे मिटून राग्नवाल्दला शोधत होते. कान देऊन देऊन ऐकलं. तो तिथे आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, पण योरुनच्या आवाजाखालून तो मला काही केल्या ऐकू येईना.

दुसरं कडवं संपलं. पायपेटी एकटी वाजायला लागली. शेजारी बोर्गहिल्डने मान किंचित डावीकडे, शेगडीच्या बाजूला कलवली, माझा हात हातात घेतला, आणि कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "हं."